टांझानियात दोन वर्षं शिकवायला निघालेल्या ताईंना

प्रश्न थोडक्यात असा. केज तालुक्यातल्या एका ताई, वय चौतीस, बी.एस्सी. बी.एड., अनुदानित शाळेत गणित-विज्ञान शिकवतात. एका संस्थेमार्फत उत्तर टांझानियातल्या सरकारी माध्यमिक शाळेत दोन वर्षं स्वयंसेवक शिक्षिका म्हणून त्यांची निवड झाली आहे. जानेवारीत निघायचं आहे. त्या विचारतात: रुळायला किती दिवस लागतील? भाषेचं काय करू? मी माळकरी घरातली, खाण्याचं कसं निभेल? सासूबाई घाबरल्यात, त्यांना काय सांगू? आणि मन लागलंच नाही तर?

ताई, मी उदगीरची. गणित शिकवण्यात जन्म गेला. त्यातली दोन वर्षं, जानेवारी २०१७ ते डिसेंबर २०१८, टांझानियातल्या मन्यारा प्रांतात बाबाती शहराजवळच्या एका गावात काढली. परत आल्यापासून तिकडं निघालेल्या शिक्षकांची तयारी करून घेते. त्यामुळं तुमचे प्रश्न ओळखीचे आहेत. पण तुम्ही न विचारलेलंही बरंच सांगणार आहे.

आधी रुळण्याचं. सहा महिने धरा. मुंबईहून विमान सहा-साडेसहा तासांत दार-एस-सलामला उतरवतं, पण मन मागून बैलगाडीनं येतं. पहिला महिना बरा जातो, सगळंच नवं असतं. मला जड गेला तो एप्रिल. मार्च ते मे तिकडं मोठा पाऊस, त्याला ‘मसिका’ म्हणतात. लाल चिखल, लाइट नाही, चपला पायाखालून निसटताहेत, आणि इकडं घरी उन्हाळ्याच्या सुट्या लागलेल्या. एका संध्याकाळी काही कारण नसताना मी तासभर रडले. तुमच्यावरही अशी एखादी संध्याकाळ येईल. त्या दिवशी परतीचं तिकीट बघू नका. निर्णय घ्यायचाच असला तर सहावा महिना संपल्यावर घ्या. आमच्या तुकडीतली एक बाई आठव्या महिन्यात परत आली आणि तिचं बरोबरच होतं. तिसऱ्या महिन्यात आली असती तर आयुष्यभर चुटपुट लागली असती.

आता भाषा. इथं आपल्याला एक फायदा आहे, जो पुण्या-मुंबईकडच्यांना तितका नाही. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निझामाच्या राज्यात होता. आपल्या तोंडात अजूनही उर्दू-दखनी शब्द आहेत, आणि स्वाहिली भाषेनं अरबीतून पोतंभर शब्द घेतलेत, काही आपल्याकडूनही. ‘हाबारी’ म्हणजे खबर, भेटल्यावर पहिलं तेच विचारतात. ‘दावा’ म्हणजे दवा. ‘हेवा’ म्हणजे हवा. ‘तायारी’ म्हणजे तयार. ‘एलिमू’ म्हणजे शिक्षण, आपला इल्म. ‘पेसा’ म्हणजे पैसा, ‘लाकी’ म्हणजे लाख, ‘गुनिया’ म्हणजे गोणी, ‘बीमा’ म्हणजे विमा. तुमच्या माझ्या विषयाची तर चंगळच आहे: ‘हेसाबू’ म्हणजे गणित, ‘जुम्ला’ म्हणजे एकूण बेरीज, ‘नुसू’ म्हणजे निम्मं, ‘दुआरा’ म्हणजे वर्तुळ. नफा-तोट्याला ते ‘फाइदा ना हासारा’ म्हणतात. आमच्याकडं अडतीवर जुनी माणसं अजून ‘फायदा झाला का खसारा’ असं विचारतात. पहिल्या आठवड्यात हा शब्द फळ्यावर लिहिताना मला अडतीतला वास आला.

पण ओळखीचे शब्दच घात करतात. तिकडं ‘मामा’ म्हणजे आई, ‘बाबा’ म्हणजे वडील, इथवर ठीक. ‘काका’ म्हणजे भाऊ. आणि ‘दादा’ म्हणजे बहीण! बाजारात भाजीवाली मला ‘दादा, दादा’ करून हाका मारायची आणि मी मागं वळून बघायची कोण पुरुष आला म्हणून. बाईला तिच्या थोरल्या लेकराच्या नावानं हाक मारतात, ‘मामा अमुक’, म्हणजे आपल्याकडं राम्याची माय म्हणतात तसं. हे मात्र मला पहिल्या दिवसापासून घरचं वाटलं. ‘सीता’ म्हणजे सहा. ‘मोजा’ म्हणजे एक. पहिलीच्या वर्गात बसले तेव्हा बाई ‘मोजा’ म्हणाल्या आणि मी खरंच लेकरं मोजायला लागले.

व्याकरणात लिंग नाही, तो-ती-ते काही नाही. मात्र नामांचे गट आहेत आणि त्या गटानुसार शब्दाचं तोंड बदलतं. ‘किताबू’ म्हणजे पुस्तक, अनेक पुस्तकं म्हणजे ‘विताबू’. अरबीतून आलेल्या किताबाचा ‘कि’ त्यांनी आपल्या व्याकरणाच्या घाण्याला जुंपला. हे गट पाठ करत बसू नका, कानानं येतात. संस्था सहसा काही आठवड्यांचं भाषेचं शिक्षण देते. ते संपल्यावर दुपारी दोन तास शाळेतल्या स्वयंपाकघरात जाऊन बसा. तिथल्या बायका दुरुस्त करतात, हसतात आणि पुन्हा म्हणायला लावतात. मला भाषा त्यांनीच शिकवली.

तीन गोष्टी जाण्याआधीच तोंडात बसवा. वयानं मोठ्या माणसाला ‘शिकामो’ म्हणायचं, तो ‘मराहाबा’ म्हणतो. हा आपला नमस्कार-आशीर्वाद समजा. हे न करता सरळ कामाचं बोललात तर माणूस उद्धट ठरतो. दुसरं, कुणाच्याही दारात उभं राहून ‘होडी’ म्हणायचं, आतून ‘करीबू’ आलं की पाऊल टाकायचं. तिसरा शब्द ‘पोले’. ठेच लागली, ताप आला, ओझं घेऊन चाललात, माणूस गेलं, प्रत्येक वेळी ‘पोले’. माफी नाही, सांत्वन नाही, ‘तुझं कळतंय मला’ एवढंच. मराठीत याला एक शब्द मला अजून सापडलेला नाही.

घड्याळाचंही सांगते. तिकडं दिवस सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, एक वाजला. विषुववृत्त जवळ असल्यानं बारा महिने सूर्य साधारण एकाच वेळी उगवतो, त्यामुळं ही मोजणी त्यांना सोयीची आहे. मला पालकसभेला ‘सा न्ने’ला, म्हणजे चारला, बोलावलं. मी दुपारी चारला साडी नेसून पोचले. सभा सकाळी दहाला होऊन गेली होती. त्यांनी सांगितलेल्या वेळेत सहा तास मिळवायचे, विसरू नका.

आता वर्ग. खरं उत्तर इथं आहे, म्हणून जरा लांबण लावते.

टांझानियात सरकारी प्राथमिक शाळेची सात वर्षं स्वाहिलीतून होतात. आठव्या वर्षी, म्हणजे फॉर्म वनला, सगळं इंग्रजीतून. शाळा जानेवारीत सुरू होते आणि एका सुट्टीत लेकराच्या खालची जमीन काढून घेतली जाते. आमच्या गावात घरोघर इराक्व भाषा होती. म्हणजे घरात इराक्व, सात वर्षं शाळेत स्वाहिली आणि आता इंग्रजी. त्यात समोर मी, उदगीरच्या इंग्रजीत बीजगणित सांगणारी.

तिकडच्या शिक्षकांची एक सवय असते. दर पाच मिनिटांनी वर्गाला विचारायचं, ‘आर वी टुगेदर?’ आणि सगळा वर्ग एका सुरात ‘येस!’ म्हणतो. मीही तेच उचललं. पहिले तीन आठवडे सत्तर-पंचाहत्तर लेकरं मला खणखणीत ‘येस’ देत होती आणि मी घरी येऊन डायरीत लिहीत होते की वर्ग छान चाललाय. मग चाचणी घेतली. निम्म्याहून जास्त पेपर कोरे. कोरे म्हणजे नाव घालून, रेघ मारून, नीट घडी करून दिलेले कोरे.

त्या रात्री मला माझे वडील आठवले. ते निझामाच्या शाळेत शिकले. घरी मराठी, शाळेत उर्दू. ते सांगायचे, ‘मौलवीसाहेब विचारायचे, समझे? आम्ही म्हणायचो, जी. सव्वा वर्ष मी नुसतं जी म्हणत होतो.’ ही गोष्ट आमच्या घरी हसण्यावारी सांगितली जायची. त्यात एका लेकराचं सव्वा वर्ष वाया गेलं होतं, हे मला बाबातीत कळलं.

दुसऱ्या दिवसापासून मी तो प्रश्न विचारणं सोडलं. ‘समजलं का’ याला कुठल्याच देशातलं पोर ‘नाही’ म्हणत नाही. त्याऐवजी एक गणित फळ्यावर, दोघा-दोघांनी मिळून सोडवायचं, आपसात स्वाहिलीत काय भांडायचं ते भांडा, उत्तर इंग्रजीत लिहा. शाळेत ‘फक्त इंग्रजी बोला’ अशी पाटी होती, म्हणून आधी मुख्याध्यापकांची परवानगी घेतली. ते म्हणाले, परीक्षा इंग्रजीत आहे एवढं लक्षात ठेवा. मी ठेवलं. फळ्याचे दोन भाग केले, डावीकडं इंग्रजी शब्द, उजवीकडं स्वाहिली. चाळीसेक शब्दांत फॉर्म वनचं बहुतेक गणित बसतं. आणि मी हळू बोलायला शिकले. आपण इंग्रजी फार घाईनं बोलतो, ताई. आपला ‘व’ त्यांना कळत नाही, त्यांचे ‘र’ आणि ‘ल’ आपल्या कानाला अदलाबदल झाल्यासारखे वाटतात. जेवढं बोलाल तेवढं फळ्यावर लिहा.

वर्षाअखेरीस चमत्कार झाला असं काही नाही. कोरे पेपर कमी झाले, एवढं खरं.

म्हणून तुम्हाला सांगते, तुम्ही बॅगेत काय नेताय यापेक्षा केजहून काय नेताय ते आधी आठवा. दिवाळी झाली की वर्गातली निम्मी बाकं रिकामी होतात, आईबाप कोयता घेऊन साखर कारखान्यांकडं जातात, हे तुम्ही बघितलंय. आजी-आजोबांजवळ राहिलेलं पोर कसं शिकतं, अधल्यामधल्या महिन्यात परत आलेल्या पोराला वर्गात कसं मिसळवून घ्यायचं, हे तुम्हाला येतं. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या पोरी घागर भरून मगच शाळेत यायच्या. बाबातीजवळ डोक्यावर पिवळा डबा घेऊन उशिरा येणारी पोरगी मला नवी नव्हती. इंग्लंडहून आलेल्या आमच्या सोबतिणीला तिचा उशीर शिस्तीचा प्रश्न वाटला होता.

मात्र सारखं दिसतं म्हणून सारखं असतं असं नाही. माझी मोठी चूक त्यातूनच झाली. दुसऱ्याच महिन्यात मी शहाणपणा केला. शेजारच्या वर्गावरचे एक शिक्षक वारंवार गैरहजर असत, लेकरं नुसती बसून. मला वाटलं, हे तर आपल्याकडचंच, मला माहीत आहे. चहाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर मुख्याध्यापकांना बोलले. त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये माझ्याशी ‘हाबारी’, ‘न्झूरी’ (म्हणजे ‘बरं आहे’) एवढंच. पुढं कळलं की त्यांची बायको आजारी होती, दवाखाना लांब होता, आणि हे माझ्याशिवाय सगळ्या शाळेला माहीत होतं. आपल्या शाळेत कुणी परका येऊन दुसऱ्या महिन्यात म्हणाला असता की हे सर वर्गात नसतात, आणि सर बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, ड्यूटीवर असते, तर आपण त्याला चहा तरी विचारला असता का? मी त्यांच्या घरी गेले, दारात ‘होडी’ म्हटलं. ते बाहेर आले, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग ‘करीबू’ म्हणाले. स्टाफरूम पूर्ण सैल व्हायला तरी चार महिने गेलेच.

तेव्हा पहिले तीन महिने शाळेत काहीही बदलायला जाऊ नका. बघा, विचारा, दिलेले तास घ्या. आणि कुणाची रिकामी जागा भरून काढायला तुम्हाला वापरतायत असं दिसलं तर संस्थेला वेळीच सांगा. तुम्ही आहात म्हणून तिथं कायमचा शिक्षक येत नसेल, तर तुम्ही गेल्यावर वर्ग पुन्हा उघडाच. शक्य असेल तिथं स्थानिक शिक्षकासोबत जोडीनं तास घ्या.

छडीचं. तिकडच्या शाळांत मुख्याध्यापकांच्या अधिकारात छडीला कायद्यानं मुभा आहे. तुमच्याकडंही पोरं पाठवतील, ‘मॅडम, याला दोन द्या’ म्हणून. आधीच, कुणावर राग न काढता, सांगून ठेवा की मी मारत नाही, आमच्याकडं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे. उपदेश मात्र करू नका. कायदा आल्यावरही आपल्या शाळांतली छडी किती वर्षं कपाटावर पडून होती ते आपल्याला ठाऊक आहे.

आता एक गोष्ट, जी संस्थेचे लोक सांगत नाहीत. तिकडं तुम्ही गोऱ्या पाहुण्या नसाल, तुम्ही ‘म्हिंदी’ असाल, म्हणजे हिंदी माणूस. त्या शब्दामागं शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे. पूर्व आफ्रिकेतले भारतीय म्हणजे बहुतेक गुजराती व्यापारी, शहरात दुकान, मोठं घर, आपसांत लग्नं. त्यामुळं गावात पायी चालणारी, नळावर रांगेत उभी राहणारी म्हिंदी बाई बघून लोक थांबायचे. एका म्हातारीनं मला सरळ विचारलं, ‘तुझं दुकान बुडालं का?’

शहरात आपले काही लोक भेटतील, जेवायला बोलावतील, मायेनं वागवतील, आणि जाताना हळूच सांगतील, ‘त्यांच्या घरी जेवत जाऊ नका बरं.’ मला सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि ऐकलं नाही. रंगाचा आणि शिवाशिवीचा हिशेब आपण सोबत घेऊनच जातो, पासपोर्ट बघणारा तो काढून घेत नाही. संभाजीनगरला शिकायला आलेल्या आफ्रिकी पोरांना खोली भाड्यानं मिळताना काय सोसावं लागतं, ते एकदा विचारून बघा आणि मग विमानात बसा.

याच ओघात तुरीची गोष्ट सांगते. बाबातीच्या शेतात गेले आणि जागेवर थबकले: मक्याच्या ओळीत तूर! तिकडं तिला ‘म्बाझी’ म्हणतात. ती बरीचशी भारतात विकण्यासाठी पिकवतात, आणि भारतात म्हणजे लातूर-उदगीरसारख्या ठिकाणच्या डाळमिलांसाठी. ऑगस्ट २०१७ मध्ये भारत सरकारनं तूर आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. ऐन सुगीत बाबातीत भाव कोसळला. माझ्या घरमालकाचा भाऊ शेतकरी. तो एका संध्याकाळी आला, ‘होडी’ म्हणाला, बसला आणि विचारलं, ‘म्वालिमू (म्हणजे बाई, शिक्षिका), तुमच्या सरकारनं आमचं असं का केलं?’

मी काय सांगणार? त्याच वर्षी उन्हाळ्यात माझे दीर खरेदी केंद्रावर तुरीच्या ट्रॉल्यांच्या रांगेत मुक्काम करून होते. हमीभाव ५०५०, बाजारात त्याहून पुष्कळ कमी, आणि केंद्रावर बारदाना संपलेला. त्यांनी पाठवलेला फोटो माझ्या मोबाइलवर होता. तो मी दाखवला. ट्रॅक्टरांची रांग, पोत्यांवर झोपलेली माणसं. ‘हे कुठलं?’ ‘माझं गाव.’ त्यानं फोटो मोठा करून पोत्यातून सांडलेला दाणा बघितला. म्हणाला, ‘म्बाझी.’ मग बराच वेळ काही बोलला नाही. उठताना म्हणाला, ‘पोले, म्वालिमू.’ त्यानंतर त्या गावात माझी ओळख ‘दुकान नसलेली म्हिंदी’ अशी राहिली नाही.

खाण्याची काळजी तुम्ही फार करताय. तिकडचं मुख्य अन्न ‘उगाली’, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. हातानं मुटका वळून, त्याला खळगा पाडून कोरड्यासाबरोबर खायचा. भाकर मोडून खाणाऱ्या माणसाला हे दोन दिवसांत जमतं. सोबत ‘माहारागे’ म्हणजे राजम्यासारखे घेवडे, आणि ‘म्चिचा’, म्हणजे आपल्या तांदुळजा-राजगिऱ्याच्या कुळातली पालेभाजी. कांदा-टोमॅटोची ‘काचुंबारी’ तर नावासकट आपली. चपाती सगळीकडं मिळते, तेलकट आणि पदर सुटलेली. ज्वारीला ‘म्तामा’ म्हणतात. बाजारात मिळाली की निवडून गिरणीत दळून आणायची. पहिली भाकर थापली तेव्हा शेजारच्या तिघी बघायला आल्या आणि चौथ्या भाकरीला त्यांचे हात पिठात होते.

‘सिली न्यामा’, मी मांस खात नाही, हे पाठ करा. लगेच पुढचा प्रश्न येईल: ‘आणि कोंबडी?’ कोंबडी वेगळी मोजतात. नंतर वाळलेले बारीक मासे. चिडू नका. घरच्या बाईला आदल्या दिवशी सांगितलं तर ती घेवडे शिजवून ठेवते. ऐन पंगतीत ताट परत केलं तर तिचा अपमान होतो. ‘आमच्या देवाचा नियम आहे’ म्हटलं की सगळ्यांना पटतं, तब्येतीचं कारण कुणाला पटत नाही. येसर, काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी सहा महिन्यांची न्या, जास्त नको.

सणांचं मात्र मनाला लागतं. पोळा, महालक्ष्म्या कशाबशा निघाल्या. येळवशीला मला राहवेना. तुमच्याकडं नसेल एवढी, पण लातूर-धाराशिवकडं वेळ अमावास्येला घरात चूल पेटली तरी माणसं शेतातच असतात. डिसेंबरात तिकडं मोठी सुट्टी असते. मी आदल्या दिवशी ज्वारीच्या पिठात ‘म्तिंदी’, म्हणजे तिकडचं आंबट दही, घालून आंबील केली. मिळतील त्या शेंगा, दाणे, पालेभाज्या घालून भज्जी केली. त्या म्बाझीवाल्याच्या शेतात कडब्याऐवजी मक्याच्या ताटांची खोप उभी केली आणि पाच दगड मांडले. दहा-बारा माणसं जमली. पाच दगड कोण, असं त्यांनी विचारलं. पाच भाऊ, मी म्हटलं, त्यांची जमीन चुलत्यांनी घेतली होती. यावर सगळ्यांनी मान हलवली, एकानं तर आपल्या चुलत्याचं नावही सांगितलं. आंबील त्यांना फार आवडली नाही. भज्जी संपली.

तब्येतीचं मोजकं. मलेरिया खरा आहे. रात्री मच्छरदाणी, रोज, एकही रात्र सूट नाही. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासायचं, मनानं गोळ्या घ्यायच्या नाहीत. प्रतिबंधक गोळ्यांचं इथूनच डॉक्टरांशी बोलून ठरवा. पाणी उकळून. तळ्यात, साचलेल्या गोड्या पाण्यात उतरू नका, गोगलगाईंमधून येणारा बिल्हार्झिया कातडीतून शिरतो. केनिया-युगांडात जाणं-येणं होणार असेल तर पिवळ्या तापाची लस ठरावीक मान्यताप्राप्त केंद्रावरच मिळते आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. कार्ड पासपोर्टसोबत ठेवा. ‘बोडाबोडा’ म्हणजे भाड्याची मोटरसायकल, हेल्मेट नसेल तर बसू नका. स्वयंसेवकांना जंगली जनावरांपेक्षा तीच जास्त पाडते.

कागदपत्रांत दोन गोष्टी पक्क्या करा. स्वयंसेवकाला तिकडं ‘क’ वर्गाचा निवास परवाना लागतो, तो संस्था काढते की तुम्ही, हे लेखी घ्या. आणि इकडं संस्थाचालकांकडून ना-हरकत घ्या, असाधारण रजेचा आदेश शिक्षणाधिकारी कार्यालयातून हातात घ्या, सेवापुस्तकात नोंद झालेली डोळ्यांनी बघा. रजा बिनपगारी असते आणि वेतनवाढीवर, निवृत्तिवेतनावर तिचा काय परिणाम होईल ते निघण्याआधी विचारा. ‘परत आल्यावर बघू’ असं जो लिपिक म्हणतो तो आपण परत येईपर्यंत बदलून गेलेला असतो. माझा गेला होता.

सासूबाईंना काय सांगायचं? वाघ-सिंहाचं बोलूच नका. रोज फोन करू नका, आठवड्यात दोन ठरलेले वार आणि ठरलेली वेळ ठेवा. तिकडची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं आहे, तिकडच्या संध्याकाळी साडेसहाला इकडं नऊ वाजतात. रोज फोन केला आणि एके दिवशी टॉवर गेला की घरात रडारड होते. माझ्या सासूबाईंचा पहिल्या फोनवरचा प्रश्न होता, ‘तिथं तुला कोण काय म्हणतं?’ मी म्हटलं, ‘सगळे मामा म्हणतात.’ त्या इतक्या हसल्या की भीती तिथंच अर्धी झाली. पुढं तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आमची सून तिकडं मामा झाली म्हणून.

परतीचं आत्ता तुम्हाला सुचणार नाही, तरी सांगून ठेवते. परत आल्यावर लोक दोन प्रश्न विचारतील: किती मिळाले, आणि सिंह दिसला का. तिसरा प्रश्न विचारणारं कुणी भेटायला मला वर्ष लागलं. वर्गात मी अजून दर पाच मिनिटांनी थांबते, विचारायला तोंड उघडते आणि मिटते. ‘समजलं का’च्या जागी काय म्हणायचं ते अजून पक्कं सापडलेलं नाही, गणितच देते.

बॅगेची यादी वेगळी पाठवते. तोवर एकच: तीन लिटरचा कुकर न्या, आणि त्याच्या दोन रिंगा जादा घ्या. तिकडं घेवडे शिजायला कोळशावर दोन-अडीच तास लागतात, आणि आपल्या मापाची रिंग बाबातीत कुठंही मिळाली नाही.